विजेच्या विडीचं घट्ट बटण

एका गावात एक भोळा जावई होता. खरं तर जावई तो दुसऱ्या गावात होता. स्वतःच्या गावात तो नुसताच भोळा होता. नाव म्हाळू.

लोक त्याला मूर्ख म्हणायचे, पण ते बहुधा बरोबर नसावं. मूर्ख माणूस सांगितलेलं विसरतो. म्हाळू काही म्हणजे काही विसरत नसे. चुकला, तर धडा घ्यायचा. फक्त घेतलेला धडा पुढे जे पहिलं समोर येईल, त्याला लावून मोकळा व्हायचा.

अधिक महिन्यात सासऱ्यांनी लेक-जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. म्हाळू पुरणाचे धोंडे खाऊन परत आला आणि बायकोला, शेवंताला, सासऱ्यांनी चार दिवसांसाठी ठेवून घेतलं. अधिक महिना संपला, पुढचाही संपत आला, तरी ते चार दिवस काही संपेनात. मग म्हाळू तिला न्यायला गेला.

शेवंतालाही जायचं होतं. नवरा भोळा होता, पण तिच्या हातची भाजी कितीही खारट झाली तरी त्याने कधी नाव ठेवलं नव्हतं. तिनेच एकदा विचारलं, "कशी झालीय?" म्हाळूने विचार करून सांगितलं, "झालीय."

सासरे रावजी ओट्यावर बसले होते. त्यांचा चेहरा उतरला होता. खोकल्यापायी डॉक्टरांनी त्यांची विडी बंद केली होती आणि सासूबाई, सरूबाई, डॉक्टरांपेक्षा कडक होत्या. मुलगा बोटीवर नोकरीला. त्याने बापाची दया येऊन विजेची विडी पाठवली होती. बोटभर लांबीची नळी, तिला बटण. बटण दाबलं की वाफेचा धूर निघायचा, तो ओढायचा. आधीचं बटण खिशात आपोआप दाबलं जाई, म्हणून मुलाने नवं बसवून घेतलं होतं. ते नवं बटण इतकं घट्ट होतं, की रावजींचा अंगठा सुजला पण धूर काही निघाला नाही.

"मामा, शेवंताला न्यायला आलोय," म्हाळू म्हणाला.

रावजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग सुजलेल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"जावईबापू, माझी लेक तुमच्या घरी द्यायची म्हणजे तुम्हाला एक तरी काम धड करता आलं पाहिजे. हे बटण घट्ट आहे. सैल करून आणा. जमलं तर उद्या शेवंता तुमच्याबरोबर. नाही जमलं तर दिवाळीपर्यंत ती इथेच."

शेवंता दाराआडून म्हणाली, "बाबा, दुसरं काहीतरी सांगा ना."

"सोपं आहे म्हणून तर हे सांगितलं," रावजी म्हणाले.

सरूबाईंनी सल्ला दिला, "नवं आहे. दाबत राहा, सवयीने होईल सैल. नाहीच झालं तर बाजारच्या गावात गुलाबराव वायरमन आहे, त्याला दाखवा."

"बरं झालं सांगितलंत," म्हाळू म्हणाला. "ध्यानात ठेवीन."

तो रस्त्याने बटण दाबत निघाला. दोन्ही अंगठे लावून दाबायचा. धूर भसकन बाहेर यायचा आणि वाऱ्यावर जायचा. पारावर एक म्हातारबाबा बसले होते. त्यांना त्या धुराची हळहळ वाटली.

"अरे, फुकट कशाला घालवतोस?" बाबा म्हणाले. "बटण दाबायचं, तर आधी तोंड लावावं. तोंड न लावता बटण दाबणारा माणूस मी आज बघितला."

"बरं झालं सांगितलंत. ध्यानात ठेवीन."

आणि त्याने ठेवलं. विडी खिशात घालून तो तडक गुलाबराव वायरमनच्या घरी गेला. दार बंद होतं. दाराला बेल होती. बेलला बटण होतं.

गुलाबरावाने दार उघडलं, तेव्हा चौकटीला एक माणूस चिकटलेला होता. ओठ बेलवर, अंगठा ओठांखाली, गाल फुगलेले.

"काय करताय?"

"बेल वाजवतोय," म्हाळू तोंड न काढता म्हणाला. "पण हिचा धूर येत नाही."

गुलाबरावाने त्याला बाजूला केलं, बेल धोतराने पुसली आणि काम विचारून घेतलं. मग चष्मा लावून विडी उलटसुलट पाहिली.

"बेलला तोंड लावत नाहीत, पाहुणे. शॉक बसला असता. आणि या बटणाशी झटापट करू नका. नवी वस्तू घट्टच असते. फटीत तेलाचा एक थेंब सोडायचा आणि हळूहळू हलवत राहायचं. ती आपोआप सुटते."

त्याने काडीच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बटणाच्या कडेला सोडला, उरलेलं तेल कुपीत दिलं आणि दार लावून घेतलं. आतून बेलची वायर काढल्याचा आवाज आला.

म्हाळू खूश झाला. काम निम्मं झालं होतं. तो बटण हळूहळू हलवत परत निघाला.

वाटेत हैबती भेटला. त्याने बाजारातून म्हैस घेतली होती आणि नव्या कोऱ्या दाव्याने ती बाभळीला बांधली होती.

"पाहुणे, समोर चहा घेऊन येतो," हैबती म्हणाला. "तेवढं म्हशीकडे बघा."

म्हाळूने म्हशीकडे बघितलं. म्हशीने म्हाळूकडे बघितलं. मग त्याचं लक्ष दाव्याकडे गेलं. दावं नवं होतं. गाठ घट्ट होती. म्हाळूला हैबतीची कीव आली. बिचाऱ्याला घरी गेल्यावर सोडताना किती त्रास पडेल. त्याने कुपी काढली, गाठीत तेल सोडलं आणि गाठ हळूहळू हलवायला लागला. म्हशीनेही पलीकडून ओढून मदत केली.

हैबती मिशा पुसत परत आला.

"म्हैस कुठाय?"

"सुटली," म्हाळू अभिमानाने म्हणाला. "फार तेल लागलं नाही."

नशिबाने म्हैस जवळच्याच डबक्यात जाऊन बसली होती. तिला बाहेर काढताना दोघेही चिखलाने माखले. हैबती धापा टाकत म्हणाला, "अहो शहाणे, कुठे काही सैल झालेलं दिसलं, तर ते आवळायचं. करकचून आवळायचं, वर दुसरी गाठ मारायची. एवढंही तुमच्या घरी कोणी शिकवलं नाही?"

"नाही," म्हाळू म्हणाला. "बरं झालं सांगितलंत. ध्यानात ठेवीन."

सासरवाडीचं देऊळ दिसायला लागलं, तेव्हा त्याने सहज विडी काढून बटणावर अंगठा ठेवला. बटण लोण्यासारखं आत गेलं. पुन्हा ठेवला, पुन्हा गेलं. तेल मुरलं होतं. म्हाळूला गहिवरून आलं. उद्या शेवंता आपल्या घरी. आई खूश होईल, भाकरी गोल होतील.

मग त्याच्या लक्षात आलं, की बटण तर सैल झालंय.

तो मटकन खाली बसला. थोडक्यात वाचलो, असं त्याला वाटलं. हे असंच घेऊन गेलो असतो तर? त्याने उपरण्याच्या काठाचा दोरा उसवला, बटणावरून नळीभोवती करकचून गुंडाळला, वर दुसरी गाठ मारली, विडी सदऱ्याच्या खिशात घातली आणि सासऱ्यांच्या अंगणात पाऊल टाकलं.

दाबून बसलेलं बटण ते. विडी आपली आपण पेटली होती. म्हाळूच्या छातीतून धुराचे लोट निघत होते आणि तो हसतमुखाने म्हणत होता, "मामा, झालं काम."

सरूबाई पाणी भरत होत्या. त्यांनी कळशी उचलली आणि जावयावर रिकामी केली.

"काय झालं?" त्यांनी नंतर विचारलं.

म्हाळूने डोळे पुसले. "मामी, आधी ओतलंत, मग विचारलंत."

"मग काय करू? धूर दिसला की आधी पाणी ओतायचं. चौकशी मागाहून. चौकशी करत बसलं की घर जळतं."

"बरं झालं सांगितलंत."

रावजींनी दोरा कापून विडी हातात घेतली. बटण आता छान दाबलं जात होतं. पण विडीतून धूर येईना. थोडं पाणी आलं. रावजींनी ती कानाशी धरून हलवली, परत खाली ठेवली आणि थंडपणे सांगितलं, "दिवाळीपर्यंत. उद्या सकाळच्या गाडीने तुम्ही एकटे जायचं."

शेवंताने नवऱ्याला कोरडा सदरा दिला. "सैल झालं होतं ना हो?" तिने हळूच विचारलं.

"झालं होतं," म्हाळू म्हणाला. "वेळीच बघितलं म्हणून बरं."

ती पदर तोंडाला लावून बराच वेळ चुलीपाशी बसली. हसत होती की रडत होती, ते म्हाळूला कळलं नाही. तिलाही नक्की कळलं असेल असं नाही.

सकाळी म्हाळू आडावर तोंड धुवायला गेला. परसाच्या कोपऱ्यात संडास होता. त्याला पत्र्याचं दार होतं, छप्पर नव्हतं. त्याच्या भिंतींवरून धूर वर येत होता. निळसर, बारीक, मजेत चाललेला धूर.

म्हाळूने चौकशी केली नाही. त्याने बादली भरली, दगडावर चढला आणि भिंतीवरून आत ओतली. मग खाली उतरला, दारावर टकटक केलं आणि अदबीने विचारलं, "कोण आहे आत?"

आतून खोकला आला. मग दार उघडून रावजी बाहेर आले. मिशांतून पाणी निथळत होतं, ओठांत विझलेली विडी होती आणि मुठीत विड्यांचा भिजलेला जुडगा होता. खरी विडी. पानाची.

आवाज ऐकून सरूबाई आणि शेवंता परसात आल्या होत्या.

"सोडली होतीत ना?" सरूबाई म्हणाल्या. "तुळशीवर हात ठेवून सांगितलं होतंत."

"एकच ओढत होतो," रावजी म्हणाले.

"जुडगा हातात धरून एकच? मीसुद्धा म्हणत होते, सकाळच्या वेळी एवढा वेळ आत काय करतात." त्या जावयाकडे वळल्या. त्यांच्या आवाजात कधी नव्हे एवढी माया होती. "जावईबापू, तुम्ही कुठे जायचं नाही. दिवाळीपर्यंत दोघंही इथेच राहा. परसातल्या धुराकडे तुम्ही लक्ष ठेवा, म्हणजे माझ्या जिवाला घोर नाही."

"बरं, मामी," म्हाळू म्हणाला आणि बादली पुन्हा भरायला लागला.

रावजींनी त्या बादलीकडे पाहिलं. दिवाळी किती लांब आहे, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"शेवंते, गाठोडं बांध," ते म्हणाले. "जावईबापूंनी बटण सैल केलं होतं, मी माझ्या अंगठ्याने दाबून पाहिलंय. दिलेला शब्द पाळला पाहिजे."

सरूबाई नको नको म्हणत राहिल्या. रावजींनी ओल्या धोतरानेच लेकीची तयारी करवली, डबा भरून घेतला आणि जावयाला वेशीपर्यंत पोचवलं. शेवंता आईच्या गळ्यात पडून मागून येतच होती. रावजींना वाटलं, आता हा माणूस परत फिरायला नको. त्यांनी म्हाळूचा खांदा धरला.

"जावईबापू, आता सरळ घरी जायचं. काही झालं तरी मागे वळून पाहायचं नाही. समजलं?"

"समजलं, मामा."

म्हाळू सरळ निघाला. फाट्यावर एसटी उभी होती. मागून कोणीतरी हाक मारत होतं, "अहो, थांबा, चप्पल तुटली." आवाज अगदी शेवंतासारखा होता. म्हाळूला बरं वाटलं. म्हणजे ती येते आहे. तो गाडीत चढला.

"किती?" कंडक्टरने विचारलं.

"दोन."

"दुसरं माणूस?"

"मागे आहे," म्हाळू म्हणाला. कंडक्टरने मागची भरलेली गाडी पाहिली, दोन तिकिटं फाडली आणि घंटी ओढली. मागून "अहो, अहो" असा आवाज थोडा वेळ आला आणि लहान होत गेला. गाडीच्या आवाजात काही नीट ऐकू येत नाही, म्हाळूने मनाशी म्हटलं.

घरी आईने विचारलं, "सून कुठाय?"

"मागून येतेय."

आईने दाराबाहेर डोकावलं. "मागे तर कोणी नाही."

"असेल गं," म्हाळू म्हणाला. "मला बघायला मनाई आहे."

आई कपाळाला हात लावून रस्त्यावर जाऊन उभी राहिली. म्हाळू दाराकडे पाठ करून जेवायला बसला.

पुढच्या गाडीने रावजी स्वतः आले. बाप लेकीला न बोलावता सासरी आणून सोडतो, असं त्यांच्या घराण्यात कधी झालं नव्हतं. पण जावई उद्या पुन्हा न्यायला आला असता. एका हातात तुटकी चप्पल, दुसऱ्यात गाठोडं घेऊन ते दारात उभे राहिले.

"जावईबापू, तुमची बायको आणलीय."

म्हाळूने मान वळवली नाही. "कोण ते? पुढे या."

"मी रावजी. तुमचा मामा. मागे बघा."

"मामांनी मनाई केलीय."

"अहो, मीच केली होती ना. आता मीच सांगतोय, बघा."

म्हाळूने घास खाली ठेवला आणि नीट विचार केला.

"तुमचं खरं असेल," तो म्हणाला. "पण तुम्ही मामाच आहात की नाही, ते बघितल्याशिवाय कसं कळणार?"

रावजी उंबऱ्यावर बसले. शेवंता त्यांना ओलांडून आत आली, म्हाळूच्या पुढ्यात बसली आणि त्याच्या ताटातली अर्धी भाकरी तिने उचलली. म्हाळूचा चेहरा उजळला.

"आलीस? बरं झालं," तो म्हणाला आणि हळूच पुढे वाकला. "तुला तिकडे बघायला मनाई नाही ना? मग बघ जरा. कोणीतरी गृहस्थ मघापासून माझ्या पाठीमागे मामांचा आवाज काढतायत."