नऊ हातांचा नियम

चैत्र वद्य तृतीया. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला, आणि सकाळीच ऊन चटके देऊ लागले होते. त्या दिवशी डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका वसाहतीत एक नवी, लांबलचक, काळीभोर गाडी आली.

वसाहत टुमदार होती. प्रत्येक घराचे कुंपण आणि रस्ता यांच्यामध्ये गवताचा पट्टा होता. गाड्या उभ्या करायला पार टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ वेगळी जागा होती, आणि सगळे जण कुरकुरत का होईना, तिथवर चालत जात.

या वसाहतीत भालबा राहत. त्यांच्याकडे गाडी नव्हती. पण त्यांच्या दारापुढच्या पट्ट्यात हरळी अशी माजे की बघत राहावे. भर उन्हाळ्यात ते विहिरीचे पाणी शेंदून तिला घालत. गणेशचतुर्थीला वसाहतीच्या गणपतीसाठी दूर्वांची पहिली जुडी दरवर्षी त्यांच्याच दारातून जाई. मंडळाची माणसे ताट घेऊन येत, भालबा नवे उपरणे खांद्यावर टाकून त्यांची वाट बघत, आणि वर्षभर पुरेल एवढा मान त्या एका सकाळी पदरात पाडून घेत.

नवी गाडी शेजारच्या तुळशीरामची होती. तो कापडाचा व्यापारी. टाकीजवळच्या जागेत एवढी लांब गाडी वळेना, म्हणून त्याने ती आपल्या दारापुढच्या गवतावर उभी केली आणि पहिला पेढा भालबांच्या हातावर ठेवला. भालबांनी तो खाल्ला खरा, पण त्यांना तो गोड लागला नाही. संध्याकाळी फिरायला निघालेली माणसे पूर्वी भालबांच्या हिरवळीपाशी थांबत. आता तिला ओलांडून गाडीपाशी थांबू लागली. कोणी दार उघडून बघे, कोणी काचेत भांग नीट करी. भालबा खिडकीतून हे सारे बघत आणि आतल्या आत जळत.

पुढे वसाहतीची सभा भरली. गवतावर गाडी बघून काहींनी तक्रार केली होती. हिरवळीतले जाणते म्हणून सर्वांनी भालबांनाच नियम लिहायला सांगितले.

भालबांच्या पत्नी अनसूयाबाईंनी त्यांना सरळ सांगितले, "अहो, एक ओळ पुरे. गवतावर कोणीही गाडी लावू नये."

"कोणीही?" भालबा म्हणाले. "मग रविवारी जावईबापूंनी त्यांची गाडी कुठे लावायची? आणि कोणीही म्हटल्यावर तुळशीरामला ते झोंबणार कसे?"

"नियम गवतासाठी लिहिताय की तुळशीरामसाठी?"

मोगऱ्याची फुले वेचण्याचे निमित्त करून भालबा दुपारी शेजारच्या कुंपणाशी गेले आणि दोरीने ती गाडी मापून आले. गाडी भरली दहा हात. वसाहतीतली दुसरी कुठलीच गाडी आठ हातांपुढे जात नव्हती. भालबांनी ठळक अक्षरांत पाटी रंगवली: नऊ हातांहून लांब गाडी गवतावर उभी करू नये.

सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणाचेच काही जात नव्हते.

तुळशीरामने पाटी वाचली. त्याचा चेहरा उतरला. टाकीपलीकडे एक मोकळा कोपरा त्याने स्वतःच्या खर्चाने सपाट करून घेतला आणि तिथून तो रोज घरी चालत येऊ लागला. भालबांना बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

ती फार दिवस टिकली नाही. एके सकाळी समोरच्या घरवाल्याने आपली गाडी दारापुढच्या गवतावर चढवली. भालबा तरातरा गेले.

"पाटी वाचूनच लावलीय, भालबा," तो म्हणाला. "आठ हातांची आहे. हवं तर दोरी आणा."

त्याचे बघून दुसऱ्याने लावली, दुसऱ्याचे बघून तिसऱ्याने. टाकीपर्यंतची पायपीट कोणाला हवी होती? ज्यांच्याकडे दोन गाड्या होत्या, त्यांनी दुसरी भालबांच्या दारापुढे आणून उभी केली. भालबा संतापले, तेव्हा त्यांनी गोडीगुलाबीने समजावले की तुमच्याकडे गाडीच नाही, मग जागा उगाच वाया जाते. शिवाय पाटीवरचे अक्षर तुमचेच आहे.

तुळशीरामच्या दारापुढेही एक जण गाडी घेऊन आला होता. तुळशीराम फाटकापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "माझीच गाडी इथं उभी राहत नाही, मग तुमची कशी राहील?" तो माणूस गाडी वळवून गेला, आणि पुन्हा कोणी तिकडे फिरकले नाही.

आषाढ लागला. चाकांनी पट्ट्यांचा राडा केला. भालबांची हरळी आधी पिवळी पडली, मग चिखलात गेली. शेजारी मात्र तुळशीरामच्या दारात ती गुडघाभर वाढली. भालबा पुन्हा खिडकीत उभे राहू लागले. पूर्वी गाडी बघून जळत. आता गवत बघून.

भाद्रपदात मंडळाची माणसे ताट घेऊन आली. सवयीने भालबांच्या फाटकाशी थांबली, खाली चिखल बघून ओशाळली आणि शेजारी गेली. नवे उपरणे भालबांच्या खांद्यावरच राहिले.

"घरच्या गणपतीलाही दूर्वा लागतील," अनसूयाबाई हळूच म्हणाल्या. "जा, मागून आणा."

भालबांनी उपरणे काढून खुंटीला टांगले. मग ते गेले. तुळशीरामने फाटक उघडले.

"मागायचं काय त्यात? तुम्हीच खुडा, भालबा. कोवळ्या कोणत्या ते मला कळत नाही. मंडळालाही मी जून काड्याच दिल्या असतील."

भालबा गवतात बसले. पहिली जुडी बांधून झाल्यावर खाली मान घालूनच ते म्हणाले, "तुळशीराम, ती गाडी मी दोरीनं मापली होती."

"ठाऊक आहे. मी माडीवरून बघत होतो."

अनंत चतुर्दशीनंतर सभा भरली. भालबांनी जुनी पाटी उतरवली आणि नवी लावली: गवतावर कोणतीही गाडी उभी करू नये. पुढच्या रविवारी त्यांच्या जावयाने गाडी टाकीजवळ लावली. बाकीच्यांच्याही हळूहळू तिकडे गेल्या. फाल्गुनात भालबांच्या दारी हरळीचे कोंब दिसू लागले. पुढच्या गणेशचतुर्थीलाही गणपतीची पहिली जुडी तुळशीरामच्याच दारातून गेली.

तात्पर्य एवढेच: एकाला अडवायला केलेला नियम बाकी सगळ्यांना मोकळे रान देतो.