थाळीतलं पाणी

खूप जुनी गोष्ट आहे. काड्यापेटी अजून यायची होती आणि लोक शेजारून खापरीत विस्तव मागून आणायचे. तेव्हा डोंगराखालच्या एका गावात एक तरुण आई राहत होती. तिच्या लेकीचा ताप सहा दिवसांनी उतरला होता. वैद्यबुवा सांगून गेले, "आज मऊ भात भरव. पण कण कच्चा राहिला तर दुखणं उलटेल."

झालं, तेवढं ऐकल्यापासून तिच्या जिवाला थारा नव्हता. मडकं चढवलं, लाकडं रेटली, जाळ पार मडक्याच्या गळ्यापर्यंत आणला. घडीघडीला झाकण काढी, शीत चिमटून बघी. मग लेकीकडे धावे, गोधडी उचलून अंगाला हात लावी. पोर दचकून जागी होई, की ही परत चुलीपाशी. शेवटी भात खाली करपला आणि वर कच्चाच राहिला.

आता घरात दोनच मुठी तांदूळ उरले. ते तिनं धुवायला घेतले.

इतक्यात शेजारची म्हातारी कुंभारीण विस्तव मागायला आली.

"मावशी, एवढा जाळ केला तरी शिजत कसा नाही?"

"अगं, मातीचं मडकं सावकाश तापतं. जाळ लागतो तो बुडाला. वरचं शीत शिजतं वाफेवर, आणि ती तर तू सारखी तोंडावर घेतेस. भात कच्चा आणि तोंड तेवढं शिजलंय तुझं."

म्हातारीनं तांदूळ चढवले, लाकडं मागं ओढली, नुसते निखारे ठेवले. मडक्यावर पाण्यानं भरलेली थाळी झाकली. "वाफ गार थाळीला लागेल, तिचं पाणी होऊन भातातच पडेल. थाळीतलं पाणी कढत झालं की मडकं उतरव, पण झाकलेलंच ठेव. आतली ऊब उरलेलं काम करते."

"आणि लागला तर?"

"वास येईल. नाक आहे ना तुला?"

म्हातारी विस्तव घेऊन गेली. आई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. उठली, बसली. एकदा हात थाळीपर्यंत गेला, मागं आला. गोधडीकडे वळला, तिथूनही मागं आला.

पाणी कढलं. तिनं मडकं उतरवलं आणि पुन्हा बसून राहिली. तोवर लेक पोटभर झोपून आपसूक जागी झाली.

"आई, भात."

आईनं थाळी काढली. शीत बोटात लोण्यासारखं दबलं. पोरीनं वाटी चाटूनपुसून खाल्ली, आणि दुखणं पुन्हा फिरकलं नाही.

तात्पर्य: शिजणाऱ्या भाताला आणि बऱ्या होणाऱ्या जिवाला ऊब द्यावी, पण काळजीपोटी सारखं झाकण उघडू नये.