सत्तावीस जणांचं सोपं जेवण

एका गावात एक लहानू होता. नावानं लहानू, अंगानं धिप्पाड. धान्याची दोन पोती दोन काखांत मारून चालायचा. आणि मनानं इतका भोळा की कुणी म्हणालं, "जरा दाराकडे बघ," तर दाराकडे बघत बसायचा. दारातून कोण आलं, कोण गेलं, ते बघायचा नाही. ते बघायला सांगितलेलं नसायचं.

त्याच्या घरातल्या सगळ्या भावकीनं एकदा ठरवलं, तीन दिवस डोंगरावर जाऊन राहायचं. तिथं रानात एक मोठं लाकडी घर भाड्यानं मिळत होतं. पुढं ओढा, अंगणात जांभळीची झाडं. माणसं सत्तावीस. दुकान मात्र खाली, चार कोसांवर.

बेताची सूत्रं गोदाआत्यांच्या हातात होती. त्या लहानूच्या थोरल्या आत्या. त्यांच्यापुढं घरात कुणी शिंकतसुद्धा नसे. त्यांनी लहानूच्या बायकोला, सगुणाला, बोलावलं.

"सगुणा, स्वयंपाकाचं तू बघ. सोपं ठेव. पहिल्या दिवशी मेथीची भाजी, पिठलं, भाकरी. दुसऱ्या दिवशी खिचडी-पापड. तिसऱ्या दिवशी मात्र श्रीखंड-पुरी हवी. त्या दिवशी मुक्ताच्या सासरकडचे यायचेत."

सासरकडचे म्हणजे अजून व्हायचे होते. मुक्ता ही लहानूच्या भावाची मुलगी. मुलाला ती पसंत होती, तिला मुलगा पसंत होता. मुलाचे वडील दौलतराव तेवढे हो म्हणत नव्हते. दोनदा येऊन गेले, दोनदा "बघू" म्हणून गेले.

"आणि मदतीला कोण घेतेस?" आत्यांनी विचारलं.

"हे आहेत ना," सगुणा म्हणाली.

आत्यांनी लहानूकडे बघितलं. लहानू दाराकडे बघत होता.

"हा?"

"आत्या, हे सांगितलेलं काम कधी चुकवत नाहीत," सगुणा म्हणाली. आणि ते अगदी खरं होतं.

लहानूला फार बरं वाटलं. आजवर घरात त्याला पोती उचलण्यापलीकडे कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं मनाशी ठरवलं, या तीन दिवसांत आत्यांच्या तोंडून एकदा तरी "शाब्बास" ऐकायचं.

पहिल्या दिवशी दुपारी सगळे डोंगरावर पोचले. मंडळी ओढ्यावर गेली. सगुणा चुलीच्या मागं लागली. तिनं मेथीच्या बारा जुड्या लहानूपुढं ठेवल्या.

"अहो, एवढी मेथी निवडून ठेवा."

लहानू ओसरीवर बसला. एकेक जुडी हातात घेऊन उलटसुलट बघितली. हिची पानं लहान. ही जरा कोमेजलेली. हिला माती फार. तासभर विचार करून त्यानं एक जुडी निवडली. खरोखरच देखणी जुडी होती. ती त्यानं खिडकीत ठेवली. उरलेल्या अकरा निवडल्या नव्हत्या. रानातून कुणाची तरी म्हैस चालली होती, तिला घातल्या.

सगुणा बाहेर आली. "मेथी कुठंय?"

"ती काय, खिडकीत. सगळ्यांत चांगली निवडली."

सगुणानं कपाळावर हात मारला. "अहो, निवडायचं म्हणजे मोडायचं! काड्या वेगळ्या करायच्या, पानं वेगळी करायची!"

"असं होय?" लहानू म्हणाला. "मग तसं सांगायचं ना!"

आणि त्यानं तो धडा मनात पक्का करून टाकला. लहानू धडा विसरणारा माणूस नव्हता.

संध्याकाळी भाजीशिवाय पिठलं-भाकरी तयार झाली. सगुणा आतून म्हणाली, "अहो, पत्रावळी तेवढ्या निवडून ठेवा. काही फाटक्या निघतात."

आता लहानूला निवडायचं म्हणजे काय ते ठाऊक होतं. त्यानं पत्रावळींचा गठ्ठा पुढं ओढला. पळसाची पानं, बारीक काड्यांनी टाचलेली. त्यानं काड्या वेगळ्या केल्या. पानं वेगळी केली. ऐंशी पत्रावळी होत्या, पण त्यानं कंटाळा केला नाही. शेवटी एका बाजूला काड्यांचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला पानांचा.

सत्तावीस माणसं हातपाय धुऊन बसली. पुढं काहीच नव्हतं.

"लहान्या, पत्रावळी कुठायत?" आत्यांनी विचारलं.

"निवडल्या," लहानू म्हणाला आणि दोन्ही ढीग अभिमानानं दाखवले.

त्या रात्री सगळ्यांनी हातावर भाकरी आणि भाकरीवर पिठलं घेऊन जेवण केलं. पातळ पिठलं कोपरापर्यंत आलं. आत्या आपलं कोपर पुसत म्हणाल्या, "अरे, पत्रावळ मोडायची नसते! जमिनीवर ओळीनं मांडायची. वर पाणी शिंपडायचं. वाऱ्यानं उडू नये म्हणून एकेक खडा ठेवायचा. कळलं?"

"असं होय? मग तसं सांगायचं ना!"

दुसऱ्या दिवशी खिचडीचा बेत होता. सत्तावीस माणसांना याहून सोपं काही नाही. मोठ्या पातेल्यात डाळ-तांदूळ टाकायचे, झाकण ठेवायचं, मोकळं व्हायचं. सगुणानं सागाची रुंद पानं आणवली होती, त्यामुळं ताटांचीही चिंता नव्हती. पापड तेवढे तळायचे होते. खिचडी ढवळता ढवळता ती म्हणाली, "अहो, पापड बाहेर काढून ठेवा."

लहानूनं डबा उचलला आणि पापड बाहेर काढले. म्हणजे अंगणात काढले. पापड गोल, पातळ आणि वाऱ्यानं उडणारे. असल्या वस्तूचं काय करायचं ते कालच कळलं होतं. त्यानं शंभर पापड जमिनीवर ओळीनं मांडले. वर पाणी शिंपडलं. ओढ्यावरून खडे वेचून आणले आणि प्रत्येकावर एकेक ठेवला.

सगुणा कढईत तेल तापवून वाट बघत बसली. शेवटी उठून बाहेर आली. अंगणात शंभर ठिकाणी उडदाचा चिखल झाला होता. प्रत्येक चिखलात एक खडा.

"एकही उडाला नाही," लहानू म्हणाला.

सगुणा पायरीवरच बसली. "अहो, पापडाला पाणी लागू देतात का? पाणी दिसलं की पहिलं उन्हात ठेवायचं. डब्यात भरून झाकण घट्ट लावायचं!"

"असं होय?" लहानूचा चेहरा उतरला. आत्यांचं "शाब्बास" काही जवळ येत नव्हतं. "मग तसं सांगायचं ना!"

दुपारी खिचडी नुसतीच खाऊन मंडळी पसरली. सगुणालाही डुलकी आली. डोळे मिटण्याआधी ती म्हणाली, "उद्याच्या श्रीखंडाच्या दह्याचे दोन कॅन आहेत. पाच-पाच लिटरचे. त्यांच्याकडे जरा बघा हं."

लहानूनं एका कॅनचं झाकण उघडून बघितलं. दह्यावर पाणी! त्यानं झाकण घट्ट लावलं, वर गुडघा देऊन आणखी घट्ट केलं आणि कॅन नेऊन भर उन्हात ठेवला. दुसऱ्या कॅनमधल्या दह्यावर पाणी दिसलं नाही, म्हणून तो वाचला.

चार वाजता फाडकन आवाज झाला. झाकण उडालं ते झाडाखाली घोरणाऱ्या एका चुलत्याच्या पोटावर पडलं. मागोमाग पाच लिटर आंबट फेस आला. चुलते उठून बसले आणि दाढीवरचा फेस चाटून म्हणाले, "ताक बरं झालंय. पण मीठ हवं होतं."

आत्या काठी घेऊन आल्या. सगुणा मध्ये पडली. "आत्या, असू द्या. सांगण्यात माझीच चूक होते. आता मी सगळं नीट सांगते."

तिनं लहानूला शेजारी बसवलं. दुसरा कॅन फडक्यात ओतला. "हे बघा. एक शब्दही सोडायचा नाही. पाणी काढायचं असलं की फडक्यात घालायचं. चारी टोकं बांधायची. उंच टांगायचं. पाणी सगळं निथळू द्यायचं. मग त्यात साखर घालायची आणि पुरणयंत्रातून काढायचं. म्हणा बघू."

लहानूनं म्हणून दाखवलं. पाच वेळा म्हणून दाखवलं. एकदाही चुकला नाही. दह्याचं गाठोडं आढ्याला टांगलं आणि सगुणा समाधानानं हसली. लहानूही हसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत सगळ्या बायका पुऱ्या लाटायला बसल्या. पुरुषमंडळी पाहुण्यांच्या वाटेवर दूरवर पुढं गेली. सगुणानं दोन किलो साखरेचा पुडा आणि पुरणयंत्र लहानूच्या हाती दिलं. "इथं ओसरीवर बसा. मी बोलावते."

लहानू बसला. तेवढ्यात ओढ्याकडून एकजण आला. लहानखुरा, टोपीवाला, नखशिखांत भिजलेला. हे दौलतराव. त्यांना दुसऱ्याच्या मागून चालणं सोसत नसे, म्हणून मंडळींना मागं टाकून आडवाटेनं आले होते आणि ओढ्यात घसरले होते.

लहानू आत ओरडला, "सगुणा, पाहुणे आले! पार ओले झालेत!"

आत कढई चुरचुरत होती. सगुणा ओरडली, "अगं बाई! बसवा त्यांना. जरा पाणी निथळू द्या, मग आत आणा!"

लहानूनं आतल्या खाटेवरची मोठी चादर आणली. अंगणात अंथरली.

"बसा पाहुणे."

दौलतराव बसले. लहानूनं चारी टोकं धरली, घट्ट गाठ मारली, गाठोडं खांद्यावर टाकलं आणि जांभळीच्या फांदीला टांगलं.

गाठोड्यातून आवाज आला, "अहो, हे काय?"

"निथळवणं."

"तुमच्याकडे पाहुण्यांची अशी पद्धत आहे?"

"कालच शिकलो," लहानू म्हणाला.

दौलतरावांनी विचार केला, सोयरिकीचं काम. एखाद्या घरची रीत असते, लगेच नावं कशी ठेवायची? शिवाय फांदी हळूहळू झुलत होती. खालून थेंब थेंब पाणी गळत होतं. थोड्या वेळानं घोरण्याचा आवाज येऊ लागला.

मागून बाकीची मंडळी पोचली. दौलतरावांची बायको यमुनाबाई, मुलगा, आणि त्यांना आणायला गेलेले पुरुष. आतून आत्या आणि सगुणा आल्या.

"आमचे हे कुठं आहेत?" यमुनाबाईंनी विचारलं.

लहानूनं बोटानं वर दाखवलं.

आत्यांच्या हातातलं लाटणं गळून पडलं. मुक्तानं पदरात तोंड लपवलं. मोडलं लग्न, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. लहानूला वाटलं, आपल्या हातून पुन्हा काहीतरी झालं. पण काय, ते त्याला कळेना. पाणी तर छान निथळत होतं.

यमुनाबाई झाडाखाली गेल्या. गाठोड्याला कान लावला. घोरणं ऐकलं. आणि जमिनीवर बसून पोट धरधरून हसायला लागल्या.

"तीस वर्षं झाली," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "या माणसाला एका जागी कुणी बसवू शकलं नाही. अहो, ऐकलंत का? मला हे घर पसंत आहे. तुमचं काय?"

गाठोडं जागं झालं. "इथं बरं वाटतंय," आतून आवाज आला. "हो म्हणून टाक."

अंगणात एकच गलका झाला. आत्यांनी देवाला हात जोडले. मग, त्यांच्या तोंडून कधी नव्हे तो शब्द निघाला. "शाब्बास रे लहान्या!"

लहानूचा ऊर भरून आला.

यमुनाबाई म्हणाल्या, "मग आता उशीर कशाला? सगळे जमलेच आहेत. साखरपुडाही लगेच उरकून घ्या!"

साखरेचा पुडा लहानूच्याच हातात होता. तो धावत झाडाखाली गेला. खालून पाणी गळायचं थांबलं होतं. त्यानं गाठोड्याचं तोंड सैल केलं, पुडा फोडला आणि दोन किलो साखर दौलतरावांच्या डोक्यावर ओतली. टोपीसकट नीट कालवली. मग ओसरीवरचं पुरणयंत्र आणलं. एकदा यंत्राकडे बघितलं, एकदा दौलतरावांकडे बघितलं, आणि काळजीत पडून हाक मारली,

"आत्या, यंत्र लहान पडतंय. टोपी काढून बघू का?"