‘जुई’ला माणसं हवीत

“पण माणसं थांबत का नाहीत, दाजी?”

कॅप्टन जयवंत नाडकर्णी यांनी हा प्रश्न त्या सकाळी तिसऱ्यांदा विचारला. पहिल्या दोन वेळी त्यात तक्रार होती. या वेळी नुसता प्रश्न होता.

दाजी मेतर वाळूत मांडी घालून फाटलेलं जाळं सांधत होते. वय एक्याऐंशी. मालवणच्या दक्षिणेच्या या किनाऱ्यावर त्यांनी चाळीस वर्षं रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, चालवली होती. समुद्राचं काही अडलं की लोक त्यांच्याकडे येत. दाजी बहुतेकांना उत्तर देत नसत, तरी लोक येतच.

“किती माणसां इली?” दाजींनी विचारलं.

“एकतीस जणांनी नावं दिली. नऊ जणांना बोलावलं. सहा गेले. उरलेले तिघं आज बाराच्या बसने निघालेत.”

“काय म्हणान?”

“घरी अडचण आहे म्हणतात. सगळ्यांच्याच घरी.”

दाजी हसले नाहीत. हातातली गाठ मात्र त्यांनी गरजेपेक्षा जरा जास्त वेळ दातांत धरून ठेवली.

‘जुई’ ही कॅप्टनची कॅटामरान. दोन निमुळत्या होड्या शेजारी शेजारी, मधे त्यांना जोडणारा फळ्यांचा माच आणि वर एक उंच शीड. इथून निघायचं, किनारा डाव्या हाताला ठेवायचा, दिवसा चालायचं, संध्याकाळी एखाद्या बंदरात टेकायचं आणि असं करत कोचीपर्यंत जायचं, असा बेत होता. कॅप्टननी जाहिरात दिली होती. ‘जुईला माणसं हवीत. पगार नाही. जेवण, झोपायला जागा आणि समुद्र मिळेल.’

जाहिरात सुरेख होती. घोडं पुढे अडत होतं.

बत्तीस वर्षं त्यांनी मालवाहू जहाजं चालवली होती. तिथे त्यांनी एकदा म्हणायचा अवकाश, वीस माणसं हलत. पगारी माणूस ओरडा खातो आणि हौसेने आलेला माणूस बॅग उचलतो, एवढी साधी गोष्ट या हुशार माणसाच्या ध्यानात आली नव्हती. कोणी दोर बांधला की ते तो सोडून पुन्हा बांधत. कोणी काही विचारलं की “मी बघतो” म्हणत. कोणी हात पुढे केला तर कित्येकदा तो तसाच हवेत राही.

हात हवेत राहण्याचं कारण मात्र वेगळं होतं, आणि ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

कॅप्टनचा उजवा डोळा काचबिंदूने जवळजवळ नेला होता. त्या बाजूचं त्यांना काही दिसत नसे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, “या हिवाळ्यात जायचंच असेल तर दुसऱ्यांच्या डोळ्यांवर विसंबून जा. पुढच्या वर्षी समुद्राचं नाव काढू नका.”

यातलं दुसरं वाक्य कॅप्टननी मनाला लावून घेतलं होतं. पहिलं गिळून टाकलं होतं.

आज ते तिघं बसमध्ये बसले की संपलं. ‘जुई’ वाळूवर राहील, आणि कॅप्टन घरी.

“दाजी, काहीतरी सांगा.”

दाजींनी समुद्राकडे पाहिलं. पहाटे होडीने अर्धवर्तुळात जाळं सोडलं होतं. त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणून ठेवली होती. आता ओढायची वेळ झाली होती.

दाजी गुडघ्यांवर हात टेकत उठले. दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि हाक दिली.

“ओऽऽऽ… येवा रेऽऽऽ…”

या वयात एवढा आवाज कुठून येतो, असं कॅप्टनच्या मनात येतं न येतं तोच माणसं यायला लागली. खानावळीतून सुलभाबाई आल्या, कोपरापर्यंत तांदळाच्या पिठात माखलेल्या. एक रिक्षावाला गिऱ्हाईक रिक्षात तसंच टाकून आला. मग ते गिऱ्हाईकही आलं, बायकोसकट. ज्याला जिथे जागा मिळाली तिथे त्याने दोर धरला.

कॅप्टनना राहवलं नाही.

“एका तालात! पुढच्यांनी आधी… अहो, तुम्ही नव्हे, तुमच्या मागचे…”

कोणी वाईट वाटून घेतलं नाही. कोणी ऐकलंही नाही. त्यांचा ताल त्यांना ठाऊक होता.

दाजींनी दोर उचलला आणि कॅप्टनच्या हातात दिला.

जहाजावर दोर ओढायला माणसं असत. स्वतः दोर ओढल्याला कॅप्टनना तीस वर्षं झाली होती. दहा मिनिटांत तळहात जळायला लागले. वीस मिनिटांत ते हुकूम द्यायचे विसरले. अर्ध्या तासाने ते इतरांबरोबर “हो… हो…” म्हणत होते, आणि आपण हे म्हणतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

जाळं वाळूत आलं. बांगडे उड्या मारत होते. मोठे मोठे सण होतात, पण एवढा आनंद एका ठिकाणी क्वचित दिसतो.

मग वाटे झाले. दोराला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा मिळतो, मग तो गावचा असो की वाटेने जाणारा. हा इथला रिवाज. रिक्षातल्या पाहुण्यांनाही मिळाला. बायको लाजली, नवऱ्याने दोन्ही हात पुढे केले.

दाजी माडाच्या पातीत ओवलेले तीन बांगडे घेऊन कॅप्टनकडे आले. हात पुढे केला.

कॅप्टन समुद्राकडे बघत उभे होते.

दाजींचा हात तसाच राहिला…

रापणीचा वाटा नाकारणं म्हणजे इथे सगळ्यांच्या तोंडावर दार लावण्यासारखं. मागे कोणीतरी पुटपुटलं, “मोठो माणूस. तेका कित्याक व्हये बांगडे?”

ते शब्द कॅप्टनच्या कानांवर पडले. कोणीतरी काहीतरी देतंय, एवढं कळलं. कोण आणि कुठून, ते कळलं नाही. मग त्यांनी तेच केलं जे ते वर्षभर करत आले होते. मान ताठ केली आणि म्हणाले,

“नको मला. मी काय केलंय एवढं?”

बोलताना ते डावीकडे वळले होते. डावीकडे कोणी नव्हतं.

लोकांना माणसाचा माज दिसला. दाजींना फक्त मान कुठे वळली ते दिसलं.

ते मागून वळसा घालून सावकाश कॅप्टनच्या डाव्या हाताला आले, आणि तेच तीन बांगडे पुन्हा पुढे धरले.

“ज्येचो हात दोराक लागलो, तेचो वाटो,” दाजी म्हणाले. “घ्या.”

कॅप्टननी पात हातात घेतली. वर्षभर माणसं त्यांच्या उजवीकडून येत होती आणि रागावून निघून जात होती. बाजू बदलून येणारा हा पहिला माणूस. त्यांना दाजींचे पाय धरावेसे वाटले. पण दोन्ही हातांत बांगडे होते.

माणसं पांगली. पीठ खानावळीत गेलं, गिऱ्हाईक रिक्षात गेलं. दाजी पुन्हा जाळ्यापाशी बसले. कॅप्टनही बसले, जवळ, वाळूत.

“दाजी, तुम्ही एक हाक मारलीत आणि इतकी माणसं धावली. का?”

“माका एकट्याक ओढूक जमणा नाय, म्हणान.”

“ते तर सगळ्यांना ठाऊकच आहे.”

“म्हणान तर येतत.”

दाजींनी आणखी एक गाठ घातली.

“तुमची होडी,” दाजींनी विचारलं, “तुमका एकट्याक चलवूक जमता?”

‘हो’ अगदी जिभेवर आलं होतं. बत्तीस वर्षांची सवय. कॅप्टननी तळहात पाहिले. सालटं निघाली होती.

“नाही,” ते म्हणाले. “उजवीकडचं मला दिसत नाही, दाजी.”

“ह्यां त्या तिगांक म्हायत आसा?”

“नाही. कोणालाच नाही.”

दाजींनी जाळं खाली ठेवलं. आतापर्यंत ते कॅप्टनना तुम्ही म्हणत होते.

“मगे माणसांक कित्याक नावां ठेवतंस? जा. आदी सांग.”

साडेअकरा वाजले होते. तिघं खानावळीच्या अंगणात बॅगा घेऊन बसली होती. अरुंधती बापट, सांगलीच्या निवृत्त परिचारिका. इरफान मुकादम, हर्णैचा इंजिन दुरुस्त करणारा, बापाच्या होडीवर वाढलेला. आणि पुण्याचा प्रणव देवधर, बँकेतली रजा टाकून आलेला.

कॅप्टन त्यांच्यासमोर उभे राहिले. हातात अजून बांगडे होते. ते कुठे ठेवायचे हे त्यांना सुचलं नाही.

“मला उजव्या डोळ्याने दिसत नाही,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी मला जाता येणार नाही. या वर्षी तुमच्याशिवाय जाता येणार नाही. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. लपवलं. चूक माझी.”

प्रणव उठला. “सर, खरं सांगू? आधी तुमचा राग येत होता. आता भीती वाटते. मला नाही जमणार.”

“बरोबर आहे तुमचं,” कॅप्टन म्हणाले. आणि मग त्यांनी असं काही केलं, जे त्यांनी स्वतःच्या मुलासाठीही केलं नसतं. त्याची बॅग उचलली आणि थांब्यापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेले. “तोंडावर खरं बोललात. आभारी आहे.”

आभार मानायची त्यांना सवय नव्हती. जहाजावर ‘ठीक आहे’च्या पुढे त्यांची मजल कधी गेली नव्हती. पण एकदा तो शब्द तोंडातून निघाला आणि फार बरं वाटलं.

परत आले तेव्हा अरुंधतीबाई बसलेल्याच होत्या.

“परवा मी चहा पुढे धरला होता,” त्या म्हणाल्या, “तो तुम्हाला…?”

“दिसला नाही हो.”

“आणि मी दोन दिवस फुगून बसले. अहो, जन्म गेला माझा रुग्णांत आणि मला कळू नये!” त्यांनी खुर्ची उचलली आणि कॅप्टनच्या उजवीकडे नेऊन ठेवली. “ही बाजू माझी. इकडचं काय ते मी सांगेन.”

इरफानने बॅगेचा पट्टा खांद्यावरून काढला.

“मी बांधलेली गाठ सोडायची नाही, साहेब.”

“नाही सोडणार.”

“सुटली तर?”

“तर तुम्हीच बांधा.”

बारा वाजले. बस आली आणि गेली. ती दोघं अंगणातच होती. सुलभाबाईंनी कॅप्टनच्या हातातले बांगडे काढून घेतले, कापले, तळले आणि तिघांना वाढले. कॅप्टननी आयुष्यात बांगडे पुष्कळ खाल्ले होते, पण त्या दिवशी दुसऱ्याच घासाला त्यांचे डोळे भरून आले. दोन्ही. त्यांनी ते लपवलं नाही.

उन्हं कलली तेव्हा ते दाजींकडे गेले. वाकून नमस्कार केला.

“दोघं थांबली, दाजी.”

“बरां झालां.”

“तुमच्यामुळे. हे मी विसरायचा नाही.”

दाजींनी मान हलवली. सुतळीचा गुंडा उलगडला.

कॅप्टन घुटमळले. सवयी काही एका दिवसात जात नाहीत.

“एक पोरगा गेला मात्र. बोटीवर चार माणसं लागतात. आम्ही तिघंच.”

“चार कित्याक?”

“एक सुकाणूला.”

“तो हर्णैचो पोरगो धरीत. मगे?”

“एक पुढे नजर ठेवायला.”

“ती बाय आसा. मगे?”

“एक शीड सांभाळायला.”

“तू.”

कॅप्टननी पुन्हा तळहात पाहिले. मान डोलावली. “मी.”

“मगे चौथो कित्याक?”

“हुकूम द्यायला,” कॅप्टन म्हणाले. “शिडाचा दोर माझ्या हातात असेल, तर हुकूम कोण देणार, दाजी?”

दाजी हातातलं काम थांबवून समुद्राकडे बघत राहिले…

“वारो देतलो,” ते म्हणाले. “तू ‘व्हय’ म्हणाक शीक.”