गुडघ्यानं धरायचा गियर

“पण आप्पा, ह्या धुक्यात मला गाडीतली खोट दिसणार कशी?”

“न्हाई दिसणार.”

“मग?”

“मग काय… हात हाईत की तुला.”

एवढं बोलून आप्पा अंगणातल्या दगडी कट्ट्याकडे गेले आणि धुक्यात दिसेनासे झाले.

पन्हाळ्यावरची आश्विनातली सकाळ होती. गडाखालचा मुलूख गायब. समोरचं जांभळाचं झाड अर्धं होतं, अर्धं नव्हतं. आणि त्या झाडाखाली साठेक वर्षांपूर्वीची एक विलायती गाडी उभी होती. उघड्या टपाची, दोनच माणसांची, बुटकी, शेवाळी रंगाची. जमिनीवर टेकली आहे की तरंगते आहे, तेही नीट कळत नव्हतं.

सारंग ओगले तिच्याकडे नुसता बघत राहिला.

कॉलेजात असताना त्याने हिचं चित्र खोलीच्या भिंतीवर लावलं होतं. त्याला ही गाडी हवी होती. गाडी वाईट निघेल याची त्याला भीती होती. चांगली निघेल याची त्याहून जास्त.

आप्पा मानकर म्हणजे तरुणपणी घाटातल्या शर्यती गाजवलेला माणूस. पुढे एक दिवस सगळ्या गाड्यांच्या किल्ल्या वाटून टाकल्या आणि गडावर येऊन राहिले. जुनी गाडी घ्यायची असलेली माणसं पारख शिकायला त्यांच्याकडे येत. आप्पा शिकवत काहीच नसत, तरी येत. त्यांतला सगळ्यांत हुशार शिष्य पुण्याचा सारंग, असं निदान सारंगचं तरी मत होतं.

त्याने आजवर किती गाड्या पाहिल्या होत्या, विचारू नका. मुली बघताना प्रत्येकीत खोट काढत हिंडणारा एखादा मामा असतो ना, तसं त्याचं झालं होतं. हिला गंज, तिचं इंजिन बदललेलं, तिसरीचा मालकच लबाड. ‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं,’ हे त्याचं पालुपद. तो फसला मात्र कधीच नाही. त्याने कधी गाडी घेतलीच नव्हती. घरी हौसेने बांधलेल्या गॅरेजात बायकोने शेवटी कंटाळून भरतनाट्यमचा क्लास सुरू केला होता.

आजची गोष्ट निराळी होती. गाडी शिंत्रेकाकींची, अंगणही त्यांचंच. दुपारी सिनेमावाले येणार होते. त्यांना दरीत ढकलून द्यायला एक जुनी गाडी हवी होती, आणि अंगण मोकळं व्हावं म्हणून काकींच्या पुतण्याने त्यांच्याशी बोलणं केलं होतं.

“धुकं फिटायच्या आत सांगायचं,” आप्पा कट्ट्यावरून म्हणाले. “घेणार, का न्हाई.”

सारंग कामाला लागला.

फडक्यात गुंडाळलेलं चुंबक काढलं आणि पत्र्यावरून फिरवत नेलं. डाव्या मडगार्डवर चुंबक धरेना, घसरलं. म्हणजे तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली. गुडघे टेकून तळाचा पत्रा बोटांनी चाचपला. एके ठिकाणी बोट पापडासारखं आत गेलं. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून वास घेतला. मग स्टिअरिंग हलवून पाहिलं. एकेक खोट सापडत होती, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. सवयीच्या वाटेला पाय लागला की वाटतं, तसं.

मग त्याने बोनेटवर हात ठेवला.

सगळी गाडी दवाने भिजलेली. बोनेट मात्र कोरडं.

आणि उबदार…

“आप्पा! आधीच तापवून ठेवली आहे गाडी.” त्याचा आवाज चढला. “थंड इंजिन सुरू होत नसणार. जुनी लबाडी आहे ही.”

उत्तर आलं दाराकडून.

“मीच तापवली, बाळ.”

शिंत्रेकाकी पायरी उतरत होत्या. ऐंशीच्या पुढच्या, सडसडीत, नऊवारीवर पुरुषी स्वेटर. पायाने पायरी चाचपत येत होत्या. नजर पार गेली होती, सावल्या तेवढ्या कळायच्या.

“पहाटे जरा गडाच्या दरवाजापर्यंत फिरवून आणली.”

“तुम्ही? पण तुम्हाला तर…”

“दिसत नाही. धुक्यात कुणाला दिसतं, सांग? आजच्या दिवशी मी आणि डोळस माणूस सारखेच.” काकी हसल्या. मग हसू विरलं. “उद्या कुणाची असेल, ठाऊक नाही. म्हटलं, एकदा बसावं.”

सारंगने बोनेटवरचा हात काढून घेतला. कान तापले त्याचे.

काकी गाडीला वळसा घालून आल्या. त्यांना चाचपावं लागलं नाही.

“काय काय सापडलं?”

सारंगने सांगितलं. मडगार्ड, तळाचा पत्रा, स्टिअरिंग.

“बरोबर. आणि तिसरा गियर?”

“तिसऱ्याचं काय?”

“उताराला सुटतो. दावं तुटावं तशी गाडी पळायला लागते. दांडा गुडघ्यानं दाबून धरायचा. असा.” काकींनी उभ्या उभ्या लुगड्यातून गुडघा बाजूला करून दाखवला. “आमच्या आबांचा बैलांचा मोठा व्यवहार होता. ते म्हणायचे, खोड सांगितल्याबिगर कासरा दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. पाप लागतं.”

“पण… दुरुस्त का नाही करून घेतलात? इतकी वर्षं?”

“गुडघा होता की.”

कट्ट्यावर आप्पा खोकले. कदाचित हसलेही असतील, धुक्यात काय कळणार.

“तू कुठली चालवतोस?” काकींनी विचारलं.

सारंगने चुंबक पुन्हा फडक्यात गुंडाळलं.

“माझ्या हाताखालून पुष्कळ गाड्या गेल्यात, काकी.”

“असं…” काकी म्हणाल्या. त्यांनी दार उघडलं आणि डावीकडे बसल्या. “मग चल. ने मला खाली वळणापर्यंत.”

इंजिन एका हाकेला जागं झालं. पुढे फक्त पांढरं होतं. काकी डोळे मिटून सांगत होत्या. “आता उजवीकडे… हळू. इथं भिंत संपते. इंजिनचा चढाचा आवाज ऐकू येतो ना? आता उतार लागेल.” उतार लागला. गाडीने दांडा झटकला आणि ती मोकळी सुटली. चाचपडत त्याने दांडा पुन्हा बसवला आणि गुडघा टेकवून दाबून धरला.

गाडी शांत झाली.

गुडघ्यावर इंजिनची धडधड लागत होती. अंगावरून गार धुकं वाहत होतं, खाली दरी आहे की आभाळ, तेही समजेना. एरवी त्याने स्टिअरिंगची खडखड कान देऊन ऐकली असती. आता ते भानच नव्हतं. आपण हसतो आहोत हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. चित्रातल्या गाडीला वास नव्हता. हिला होता, पेट्रोलचा आणि ओल्या गवताचा.

ते परत आले तेव्हा जांभळाची वरची पानं दिसू लागली होती.

काकींनी किल्ली काढून पदरात धरली.

“दुपारच्या लोकांना काय सांगू?”

“गाडी गेली म्हणून सांगा.” सारंग म्हणाला. “मी घेतली.”

काकींनी त्याचा तळवा शोधला. किल्ली त्यात ठेवली आणि वरून त्याची बोटं मिटवली. मग कुणाचा हात न धरता पायऱ्या चढून घरात गेल्या.

सारंग धावतच कट्ट्यापाशी आला. लहान पोरासारखी त्याने किल्ली पुढे धरली.

“आप्पा, जमलं! आणि माणूस तरी काय, बघा. मला सापडली नसती अशी खोड काकींनी आपण होऊन सांगितली. असा विकणारा कुठं मिळतो हो?”

आप्पांनी किल्लीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

“गाडीची त्यांनी सांगितली…”

“हो.”

“आणि तुझी?”

सारंगला कळेना. “माझी काय, आप्पा?”

आप्पा उठले, अंगावरचं घोंगडं झटकलं, आणि काकींच्या उघड्या दाराकडे बोट केलं.

“तू कुठली चालवतोस, असं इचारलं हुतं त्यांनी. जा, खरं सांगून ये.”