मानाचं पान कुणाचं

"फौज माझी मोठी, मानाचं पान माझं!" हैबतराव गरजले.

"गाव माझं जळलंय, आधी मी!" सर्जेराव पाटावरून उठलेच.

यजमान तुळाजीरावांना घाम फुटला. भरबाजारात माणसं कापून तिन्ही जहागिऱ्यांवर दहशत बसवणाऱ्या भैऱ्याला तिघांनी मिळून धरायचं, म्हणून ही पंगत मांडलेली. पंगतीला वाढणाऱ्या तुळाजीरावांच्या वेणूआत्याचा लेक भैऱ्याच्या कैदेत होता. आज एकी झाली नाही, तर तो गेल्यात जमा.

तुळाजीरावांना मान वर करवेना. सर्जेरावांचं गाव जाळून भैऱ्या पळाला, तेव्हा शेजारी खचला या आनंदात आसरा त्यांनीच दिला होता. आत्यानं शिव्या देत त्याला जेवू घातलं होतं. उरलेल्या दोघांनीही आपापल्या वेळी हेच केलेलं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"आत्याबाई, तुम्हीच सांगा, मान कुणाचा?" हैबतराव गुरगुरले.

आत्यानं भाताचं पातेलं खाली आदळलं. "मानाचं पान भैऱ्याला वाढा, कारण तुम्हा तिघांच्याही घरी पोटभर पाहुणचार झालाय तो त्याचा, आणि तुम्हाला मेल्यांनो एकमेकांच्या घरी एक घास घेता येईना!"