काठावरच सगळं विचारून घेणारा नावाडी

नद्यांवर पूल नव्हते, त्या फार फार जुन्या काळची ही गोष्ट. मुलांनो, ऐका. मोठ्यांनीही ऐकावी, कारण चूक मोठ्या माणसाचीच आहे.

एका नदीवर एक नावाडी होता. हात पक्का, डोकं तल्लख. नदीतली वाळू सारखी सरकायची, म्हणून त्याची बायको होडीच्या टोकाशी उभी राहून लांब बांबूनं पाणी मापी आणि ओरडे, "गुडघा! कंबर! थांग नाही!" ते ऐकून तो होडी वळवी. तिथले सगळेच नावाडी असेच जात.

एकदा घाटावरच्या टवाळांनी त्याला छेडलं, "काय राव, बायको म्हणेल तिकडे वळता!"

नावाडी ओशाळला. खरं तर त्यात लाजण्यासारखं काहीच नव्हतं, पण बोलणं झोंबलं.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावाचं पेरणीचं सगळं बियाणं होडीत चढलं. ते गेलं तर गावावर उपासमार. नावाडी काठावरच बायकोला म्हणाला, "कुठे किती पाणी, ते सगळं आत्ताच सांग. मग चकार शब्द नको."

"अहो, पण मध्येच काही..."

"पण नाही नि बिण नाही!"

ती नुकतीच पाणी बघून आली होती. तिनं खरं तेच सांगितलं. त्यानंही डोक्यात वाट आखली आणि ती अगदी बिनचूक आखली.

अर्ध्यात एक ओंडका वाहत आला. नावाड्यानं होडी शिताफीनं वळवली, पण धारेनं ती भलत्याच पाण्यात ओढली.

"अहो, गुडघा! गुडघाच आहे!" बायको कळवळून ओरडली.

"गप्प!" काठावरून टवाळ बघत होते ना!

होडी वाळूवर चढली आणि कलंडली. माणसं वाचली. पोती फुटून धारेला लागली.

पलीकडचं गाव पाण्यात उतरलं, पण हाती जेमतेम अर्धं पोतं आलं. एका म्हातारीनं बायकोला विचारलं, "पोरी, तू सांगितलेलं चुकलं का गं?"

"नाही, आजी. सांगितलं ते बरोबरच होतं. पण इथलं पाणी इथं आल्याशिवाय कसं सांगू?"

नावाड्यानं मान खाली घातली. त्या वर्षी ते गाव रानातली कंदमुळं खाऊन जगलं. नावाड्याला कुणी हसलं नाही, कुणी दूषणही दिलं नाही, आणि तेच त्याला सोसवेना. पलीकडची पोरं होडीत बसली, की त्यांच्या खपाटीला गेलेल्या पोटांकडे बघायची त्याला शरम वाटे.

तात्पर्य : निघताना सगळं ऐकून घेतलं, तरी वाटेत कान मिटून घेणाऱ्याची हुशारी वाया जाते.